पर्यावरणपूरक सन्मानचिन्हं : पहिल्यांदाच हे काम अंगावर आलेल्यांसाठी

बैठकीत कुणीतरी म्हणतं, "यंदा प्लॅस्टिकच्या ट्रॉफ्या नकोत, काहीतरी पर्यावरणपूरक करू." सगळे माना डोलावतात आणि काम तुमच्या गळ्यात पडतं. बाजारात गेलात की कळतं, प्रत्येक ट्रॉफीवाल्याकडे आता ‘इको-फ्रेंडली’ नावाचा एक कप्पा आहे. त्यातलं बरंच काही एमडीएफ या दाबून केलेल्या बोर्डाचं असतं, काही बांबूचं असतं, काही नुसतंच खाकी रंगाचं. शाळा, ग्रंथालय, सोसायटी, मॅरेथॉन, मंडळ, कुणाहीसाठी ऑर्डर देणार असाल तरी त्या कप्प्यातलं काय उचलायचं आणि ऑर्डर कशी द्यायची, ते पायरीपायरीने सांगतो.

त्याआधी एक कसोटी. ती आहे भंगारवाल्याची. नेहमीची ट्रॉफी म्हणजे धातूचा मुलामा दिलेला प्लॅस्टिकचा कप, मधून लोखंडी दांडा, खाली दगडाचा किंवा रेझिनचा ठोकळा आणि पुढे चिकटवलेली पाटी. चार-पाच वस्तू अशा जखडलेल्या असतात, की भंगारवाला तिला हात लावत नाही. घरातले लोकही नाव कोरलेलं असल्यामुळे टाकत नाहीत. मग ती माळ्यावर जाते. बांबूच्या तुकड्यावर एपॉक्सी गोंदाने ॲक्रिलिक चिकटवलं, तर त्याचंही हेच होणार, बांबू कितीही हिरवा असला तरी. म्हणून ‘हे कशापासून केलंय’ याच्या जोडीला ‘दहा वर्षांनी हे कोण वापरेल किंवा कोण सुटं करेल’ हेही विचारायचं. माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पायरी १ : आधी संख्या कमी करा

यादी मागवा आणि प्रत्येक नावापुढे लिहा : यांना खरंच वस्तू हवी आहे का? प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक, मंडपवाले, प्रायोजकाचे प्रतिनिधी या सगळ्यांना मोमेंटो देण्याची पद्धत कुणी सुरू केली माहीत नाही, पण ऑर्डरीचा मोठा भाग तिथेच जातो. पाहुण्यांना पुस्तक द्या. शाल-श्रीफळ देत असाल तर श्रीफळ हे आपलं सर्वांत जुनं कुजणारं सन्मानचिन्ह आहे, शिवाय त्याची चटणी होते. शालींचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो.

दुसरा उपाय फिरत्या चषकाचा. पुण्यातल्या एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून महाविद्यालयांमध्ये फिरतो आहे. तो जिंकण्यातली अर्धी मजा तो परत करावा लागतो यात आहे. तुमच्या वार्षिक स्पर्धेसाठी एकच चांगली, जड, देखणी वस्तू करा आणि तिच्या बैठकीवर दरवर्षी एक छोटी पितळी पट्टी चढवत जा. विजेत्याला घरी ठेवायला हातकागदाचं प्रमाणपत्र द्या. चषक नेणाऱ्याची सही एका वहीत घ्या आणि परत करण्याची तारीखही तिथेच लिहून घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी चषक कुणाच्या कपाटात आहे हे शोधत बसाल.

धावण्याच्या स्पर्धांमध्ये आकडा हजारांत जातो. तिथे नोंदणीच्या अर्जातच ‘मला पदक नको’ असा पर्याय ठेवा. पदकावर वर्ष कोरू नका, वर्ष आणि अंतर फितीवर छापा. उरलेली पदकं मग पुढच्या वर्षी चालतात.

पायरी २ : साहित्य निवडा

लाकडात पहिली पसंती जुन्या लाकडाला. पुण्या-नाशकात वाडे पाडले जातात तेव्हा सागाचे खांब, तुळया, दारांच्या चौकटी निघतात आणि जुन्या लाकडाच्या वखारींत येऊन पडतात. हा साग पन्नास-साठ वर्षं वाळलेला असतो, त्यामुळे पिळवटत नाही. सुताराला त्यातले खिळे आधी काढायला सांगा, एक राहिला तरी त्याच्या रंधायंत्राची पाती जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं. अडचण एकच, साग गडद असतो. लेझरने कोरलेली अक्षरं त्यावर लांबून दिसत नाहीत. अक्षरं उठून दिसायला हवी असतील तर शिवण किंवा रबरवुडसारखं फिकं लाकूड घ्या. चीक द्यायचा थांबलेली रबराची झाडं साधारण पंचवीस-तीस वर्षांनी तोडावीच लागतात, त्यांचं हे लाकूड. बाजारात ते बहुधा जोडून केलेल्या फळ्यांच्या रूपात मिळतं, म्हणजे त्यात थोडा गोंद आलाच. तो मी चालवून घेतो.

माल उतरवल्यावर टाकून दिलेले पॅलेटही वापरता येतात, पण त्यांच्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय नको. गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाईल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडून द्या. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट नावाचं घातक डांबरी तेल मुरलेलं असतं.

नव्या लाकडावर ‘एफएससी’चा, म्हणजे नीट राखलेल्या जंगलातल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, शिक्का दाखवला, तर त्याखालचा परवाना क्रमांक मागा. ‘एफएससी-सी’ आणि पुढे सहा आकडे अशी त्याची रचना असते आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसेल तर शिक्का म्हणजे नुसतं चित्र समजा.

एमडीएफबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘वुडन ट्रॉफी’ म्हणून हेच सर्वाधिक विकलं जातं. तो लाकडाचे बारीक तंतू आणि बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडचा अंश असलेला गोंद दाबून केलेला बोर्ड आहे. स्वस्त आहे, लेझरने लोण्यासारखा कापला जातो, रंग छान घेतो. मात्र पावसाळ्यात कडा फुगतात, सुतार त्याचं पुन्हा काही करू शकत नाही आणि चुलीत तर अजिबात घालू नये. बजेट फारच तुटपुंजं असेल तर घ्या, पण पत्रिकेत ‘पर्यावरणपूरक’ असं छापू नका.

बांबू हा आपल्याकडचा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा पर्याय आहे. सोपा, कारण विदर्भात मानवेल आणि सिंधुदुर्गात माणगा या जातींचा बांबू मुबलक आहे. शिवाय २०१७ मध्ये वन कायद्यात झालेल्या बदलानंतर वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत येत नाही, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घेणं सुकर झालं. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, कुडाळला कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. शिकलेले कारागीर शोधायचे असतील तर तिथून सुरुवात करा. गावातल्या बुरुडांनाही विसरू नका. टोपल्या-सुपं विणणारा हात सन्मानचिन्हाची चौकटही विणू शकतो, आणि तशी चौकट दुसऱ्या कुणाकडे नसते.

फसवा, कारण बांबूत पिष्ट असतं आणि किडीला ते फार आवडतं. सत्कारानंतर काही महिन्यांनी शोकेसमध्ये पिठासारखी भुकटी पडायला लागली, की समजावं भुंगेरा लागला. म्हणून कारागिराला तीन गोष्टी विचारा : बांबू निदान तीन वर्षांचा होता का, पावसाळ्यानंतर तोडला का, आणि बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून मग सावलीत वाळवला का. एकाचंही उत्तर टाळलं तर दुसरा कारागीर पाहा. अख्खा गोल बांबू कोकणातून नागपूरच्या उन्हाळ्यात गेला की तडकतो. कोरड्या हवेत जाणार असेल तर चिरलेल्या पट्ट्यांचं काम बरं.

आता तांबं आणि पितळ. भंगारवाल्याच्या कसोटीला ही दोन्ही पैकीच्या पैकी गुण घेऊन उतरतात, कितीही वेळा वितळवा, किंमत असतेच. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्याचं, म्हणजे मठारकाम केलेलं तांबं अजूनही हाताने होतं. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि प्रत्येक ठोका उजेडात वेगळा चमकतो. एक छोटी मठारलेली थाळी, मध्ये नाव, मागे टांगायला कडी : यापलीकडे सन्मानचिन्हाला काही लागत नाही. अक्षरांसाठी ॲसिडने केलेलं कोरीवकाम टाळा, त्याचं तांबंमिश्रित पाणी बहुतेक ठिकाणी सरळ मोरीत सोडतात. नाव घालायला भांड्यांच्या दुकानात टर्रटर्र करत बसलेला माणूस आहेच. लग्नातल्या भांड्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ घालणारा तोच हात तुमच्या विजेत्याचं नाव घालेल.

जुन्या धातूचा विचार करताना टोकियो ऑलिंपिक आठवतं. तिथली सुमारे ५,००० पदकं जपानभरातून २०१७ ते २०१९ या काळात गोळा केलेल्या जुन्या फोन आणि लहान उपकरणांतून काढलेल्या धातूची होती. ७८,९८५ टन उपकरणं जमली आणि त्यांतून सोनं निघालं ३२ किलो. आपल्याला इतका खटाटोप नको. शाळेने पालकांना फुटक्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं आवाहन करावं आणि ती मोडीत देऊन तांबटाकडून काम करून घ्यावं. मोडीला नव्या धातूपेक्षा कमी भाव मिळतो, हे आधीच धरून चला. पण ‘हे आमच्या आजीच्या घंगाळाचं आहे’ म्हणणारं पोर स्टेजवर ती थाळी वेगळ्याच ऐटीत घेतं.

बाकीचं थोडक्यात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं करणारे कारागीर आहेत. बालनाट्य, पाककला, शेती अशा स्पर्धांना त्यांचं रंगीत काम शोभतं. कोकणात आणि गोव्यात नारळाच्या करवंटीवर सुंदर काम होतं, पण पृष्ठभाग गोल असल्यामुळे मजकूर दोन-तीन शब्दांचा हवा. भाजलेल्या मातीचं काम देखणं असतं, मात्र कुरिअरने पाठवायचं असेल तर विचारही करू नका. प्रमाणपत्रांसाठी हातकागद : पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून आहे, आणि सुती चिंध्यांपासून केलेला कागद झाड न तोडता होतो. बियांचा कागद गोड कल्पना आहे, पण प्रमाणपत्र कुणी मातीत पुरत नाही. तो निमंत्रणासाठी वापरा.

रोप देणार असाल तर आधी घेणारा कुठे राहतो ते पाहा. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला वडाचं रोप देणं म्हणजे त्याला काळजीत टाकणं.

आणि थ्री-डी प्रिंटरवरची ‘मक्यापासून केलेली, कुजणारी’ ट्रॉफी. ते पीएलए नावाचं प्लॅस्टिक असतं. त्याला कुजायला साठ अंशांच्या आसपासचं तापमान टिकवणारा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये ते वर्षानुवर्षं तसंच राहील.

पायरी ३ : वापरता येईल असं काही करता येतं का, ते पाहा

साहित्य ठरलं की आकार लगेच ढालीचा किंवा कपाचा धरू नका. नाव घातलेला तांब्या, सागाचा पाट, पोळपाट, लेखकासाठी लाकडी लेखणीपेटी, गायकासाठी पुस्तक ठेवायचं घडीचं व्यासपीठ, हे सगळं सन्मानचिन्हच आहे. पाटावर नाव कोरायचं तर खालच्या बाजूला कोरा. स्वतःच्या नावावर बसायला लोक कचरतात.

पायरी ४ : मजकूर आणि फाइल

सर्वाधिक घोळ इथे होतात आणि इथे वेळ घातला की पैसे वाचतात, कारण चुकलेली पाटी हाच या कामातला सगळ्यात मोठा कचरा.

मजकूर छोटा ठेवा : नाव, कशासाठी, संस्था, वर्ष. प्रायोजकांची आठ बोधचिन्हं नकोत. नावं यादीवरून टाइप करून घेऊ नका, ज्याचं नाव त्याच्याकडूनच लेखी मागवा. ‘कुलकर्णी’ची ‘कुळकर्णी’ झालेली पाटी कुणीही भिंतीवर लावत नाही.

लेझरवाले सहसा कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला, की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, रफार दुसऱ्यावर चढतो, ‘ऱ्या’ तुटतो. मग ते हाताने श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतात आणि नव्या चुका करतात. यावर उपाय एकच : तुमच्याकडच्या जाणकाराकडून मजकूर बसवून घ्या, त्याचं ‘कर्व्ह्ज’मध्ये रूपांतर करा आणि ती फाइल द्या. मग अक्षर हे चित्र होतं, हलत नाही. फॉन्ट जाड रेषेचा घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे मोफत मिळणारे फॉन्ट लाकडावर चांगले उमटतात. बारीक रेषांचे सुलेखनी फॉन्ट लाकडाच्या रेषांमध्ये हरवतात. लाकडावर अक्षराची उंची सहा मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि शिरोरेषा लाकडाच्या रेषांना आडवी येईल अशी फळी धरा.

आरपार कापलेली अक्षरं करणार असाल तर आणखी सावध. देवनागरीत ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं बंद असतात. कापल्यावर ती गळून पडतात, आणि मग ‘व’ आणि ‘ब’ यांत काही फरकच उरत नाही. पोटाला धरून ठेवणारा बारीक पूल आराखड्यातच ठेवावा लागतो.

कापलेल्या कडांवर काजळी राहते. ओल्या फडक्याने पुसून द्यायला बजावा, नाहीतर पाहुण्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर तुमच्या संस्थेची आठवण उमटेल.

पायरी ५ : जोडणी आणि पॉलिश

ऑर्डरमध्ये हे वाक्य लिहूनच द्या : ‘पाटी स्क्रूने बसवावी, चिकटवू नये.’ दोन पितळी स्क्रू पुरतात. पाटी काढता आली तर खालची फळी पुन्हा वापरता येते, धातू भंगारात जातो, आणि नाव चुकलं तर फक्त पाटी बदलते. लाकडाला लाकूड जोडायला खाच किंवा खुंटी बरी, सुतारी सरस चालेल.

पॉलिश सांगितलं नाही तर कारखाना पीयू किंवा मेलामाइन ही रासायनिक पॉलिशं मारून मोकळा होतो. त्याऐवजी लाखेचं पॉलिश, जवसाचं तेल किंवा मधमाशांचं मेण सांगा. चकाकी कमी येते, पण ओरखडा पडला तर घरच्या घरी हात मारता येतो. स्वयंसेवकांकडून जवसाचं तेल लावून घेणार असाल तर एक धोका ध्यानात ठेवा : तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. तांब्याला काहीही लावू नका. काळं पडलं की चिंच-मीठ आहेच.

पायरी ६ : नमुना, मग वेळापत्रक

एक पूर्ण नमुना करून घेतल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू देऊ नका. नमुना सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहा आणि फोनवर फोटो काढून पाहा. तो हातातून एकदा सतरंजीवर पाडून पाहा. मजा नाही, समारंभात निदान एक तरी पडतंच.

हाताने होणाऱ्या कामाला कार्यक्रमाच्या आधी सहा आठवडे द्या : पहिला साहित्य आणि कारागीर ठरवायला, दुसरा नमुन्याला, पुढचे तीन कामाला, शेवटचा चुकलेल्या नावांसाठी. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आणि २६ जानेवारी एकत्र येतात, त्या दिवसांत लेझरवाले फोन उचलत नाहीत. पावसाळ्यात लाकूड आणि बांबू वाळत नाहीत, तेव्हा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी माल मे महिन्यात घेऊन ठेवा. आगाऊ रक्कम द्या आणि कारागिराशी घासाघीस करू नका. घासाघीस केलीत की तो पॉलिशमध्ये ती वसूल करतो.

पायरी ७ : बांधणी आणि पाठवणी

मखमली डबी, थर्माकोल आणि चकचकीत कागद आला की वरचं सगळं केलेलं पाण्यात. महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर २०१८ पासून निर्बंध आहेत, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचा थर्माकोल, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर आणि मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्म बंद आहे. मागचा फलकही कापडीच करा. शिंप्याकडच्या खणाच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून घ्या, आत रद्दीचा चुरगळा किंवा पेंढा. फित हवी असेल तर सुती नाडा.

कुरिअर असेल तर वजन आधी काढा. वीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि दोन जाड फळी सागाची असेल तर चारशे ग्रॅमच्या आसपास भरते, तेवढीच काच दीड किलो आणि ग्रॅनाइट त्याहून थोडं अधिक. परदेशातल्या मराठी मंडळाला पाठवताना बिया, पेंढा आणि बिनप्रक्रियेचा बांबू टाळा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात लाकडी वस्तू जाहीर कराव्याच लागतात आणि बिया सहसा जप्त होतात. शिसवीचं काम तर पाठवूच नका, ते लाकूड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहे आणि त्याला कागदपत्रं लागू शकतात.

प्रत्येक वस्तूखाली हातकागदाची एक चिठ्ठी लावा : लाकूड कुठलं, कारागीर कोण आणि कुठला, पॉलिश कसलं, पाटी कशी काढायची. कारागिराचा फोन नंबर त्याला विचारूनच छापा. पुढच्या ऑर्डरी त्यालाच थेट जातात आणि मधला दुकानदार सुटतो. उरलेल्या कोऱ्या फळ्या आणि दोन-चार जादा स्क्रू संस्थेच्या कपाटात एका डब्यात ठेवा, डब्यावर माप आणि वखारीचं नाव लिहा, आणि किल्ली कुणाकडे आहे ते पुढच्या कार्यकारिणीला सांगा.